काट्यावर उभा रायडर: शर्यतीत सगळ्यांचं वजन सारखं करावं का?

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट लागतो. दहाएक वर्षांपूर्वी मी आणि माझा मामेभाऊ त्या रस्त्याने वरचेवर जायचो. दोघांकडे शंभर सीसीचीच गाडी होती आणि मॉडेलही एकच, फक्त त्याची लाल आणि माझी काळी. शिरवळपर्यंत आम्ही शेजारी शेजारी असायचो. घाट सुरू झाला की तो मागे पडायचा. मी तेव्हा ६२ किलोंचा आणि तो ९५ चा. मी तिसऱ्या गिअरवर रेटत असताना त्याला दुसरा टाकावा लागायचा, आणि माथ्यावर माझा उसाचा रस पिऊन झाला की हा धापा टाकणारी गाडी घेऊन वर यायचा. ‘गाडीत दमच नाही,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. दम होता, ती बिचारी ३३ किलो जास्त ओढत होती. उतारावर मात्र उलटं व्हायचं. दोघांनीही ॲक्सिलरेटर सोडला की हा काही न करता माझ्या पुढे निघून जायचा आणि मागे वळून हसायचा.

मोटरसायकल रेसिंगमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं एक भांडण या घाटात बसून समजून घेता येतं. गाड्या सारख्या, टायर सारखे, पेट्रोलही मोजून दिलेलं. मग वर बसणारा माणूस एक ५१ किलोंचा आणि दुसरा ८० किलोंचा, हे कसं चालतं? हलक्याच्या गाडीला वजन बांधून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं का?

कुस्तीवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून टाकला. ५७ किलोंच्या पैलवानाला ९७ किलोंच्या पैलवानापुढे कुणी उभं करत नाही. वजनी गट पाडले आणि मोकळे झाले. पण कुस्तीत अंगाशी अंग भिडतं. शर्यतीत रायडर एकमेकांना उचलून आपटत नाहीत (क्वचित वळणावर तसा प्रयत्न होतो, तो भाग वेगळा). इथे वजन इंजिनाला ओढायचं असतं, टायरला तोलायचं असतं आणि ब्रेकला थांबवायचं असतं. या तिघांना जास्तीचा किलो सारखाच जड जात नाही. सगळी गुंतागुंत इथेच आहे.

आधी इंजिनाचं पाहू. माझी गाडी ११० किलोंची धरली तर मी बसल्यावर १७२ आणि भाऊ बसल्यावर २०५. म्हणजे जवळजवळ १९ टक्के जास्त ओझं, आणि ओढायला तेच आठ हॉर्सपॉवर. घाटात हा फरक सरळ सरळ दिसतो. जागतिक स्पर्धेत सगळ्यात लहान इंजिनाचा गट म्हणजे मोटोथ्री: २५० सीसी, एक सिलिंडर. तिथे गाडी आणि रायडर मिळून दीडशे किलोंच्या आसपास जातात. त्यात १५ किलोंची भर पडली तर सरळ रस्त्यावरचा पिकअप सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. ज्या शर्यतीत कित्येक जण घोळक्याने शेवटची रेषा ओलांडतात, तिथे नऊ टक्के म्हणजे शर्यत संपल्यातच जमा.

म्हणूनच लहान गटांमध्ये हा वाद बराचसा मिटलेला आहे. जुन्या १२५ सीसी गटातसुद्धा गाडी आणि रायडर यांचं मिळून किमान १३६ किलो वजन भरावं लागायचं. आज मोटोथ्रीत हा आकडा १५२ आहे आणि मधल्या मोटोटू गटात २१७. शर्यत संपली की रायडर हेल्मेट, बूट, लेदर सूट यांसकट काट्यावर येतो, गाडीही येते, आणि बेरीज कमी भरली तर निकालातून नाव जातं. बेरीज कमी भरू नये म्हणून हलक्या रायडरच्या गाडीला आधीच जड धातूचे तुकडे बसवलेले असतात. त्याला बॅलास्ट म्हणतात.

मोटोटूत हा बेरजेचा नियम २०१३ मध्ये आला. त्याआधी फक्त गाडीचं वजन बघत. तेव्हा त्या गटात स्कॉट रेडिंग नावाचा इंग्लिश पोरगा होता, उंची सहा फुटांच्या वर. त्या गटात सगळ्यांना एकच इंजिन दिलं जायचं, म्हणजे ताकद बरोब्बर सारखी, आणि हा सरळ रस्त्यावर दर वेळी मागे. त्याने याविषयी भरपूर आरडाओरडा केला. नियम आला त्याच वर्षी तो विजेतेपदासाठी झगडला आणि दुसरा आला. निव्वळ नियमामुळेच असं झालं असं मी म्हणणार नाही, पण त्याची तक्रार पोकळ नव्हती हे नक्की.

सगळ्यात मोठ्या गटात, म्हणजे मोटोजीपीत, मात्र आजही फक्त गाडीचं वजन मोजतात: किमान १५७ किलो. वर कोण बसतो, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. लहान गटात न्याय आणि मोठ्या गटात नाही?

त्यामागे कारण आहे. माझ्या भावाने पुढे ती लाल गाडी विकून साडेतीनशे सीसीची घेतली, आणि घाटमाथ्यावरची माझी वाट बघणी संपली. ताकद भरपूर असली की जास्तीच्या किलोंची टोचणी कमी होते. मोटोजीपीच्या गाडीत तीनशेच्या घरात हॉर्सपॉवर असते. वळणातून बाहेर पडताना रायडरने सगळा थ्रॉटल (म्हणजे ॲक्सिलरेटर) दिला तर गाडी पुढे पळण्याआधी पुढचं चाक आकाशाकडे निघतं. म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिनाला ताकद कमी पडतच नाही. व्हीली व्हायची वेळ आली की इलेक्ट्रॉनिक्स उलट ताकद कापतं. आणि व्हीली कुठल्या वेगवाढीला होणार, हे वजनावर ठरत नाही. ते ठरतं गुरुत्वमध्य किती उंच आणि किती मागे आहे यावर. ८० किलोंचा माणूस नीट पुढे झुकून बसला तर या टप्प्यात त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पुढे, चौथ्या-पाचव्या गिअरनंतर, जिथे ताकद खरोखर अपुरी पडायला लागते.

वळणाचं गणित तर आणखी मजेशीर आहे. ६० मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी ९० किलोमीटरने जायचं असेल तर साधारण ४७ अंश झुकावं लागतं. रायडर ५० किलोंचा असो की ९० किलोंचा, उत्तर तेच येतं, कारण समीकरणात वजन दोन्ही बाजूंना असतं आणि कटून जातं. (टायरच्या रुंदीमुळे प्रत्यक्षात गाडी याहून थोडी जास्त झुकते, पण तीही सगळ्यांचीच.) फरक पडतो तो अंगकाठीने. उंच, भारी रायडर गाडीवरून आतल्या बाजूला लोंबकळला की सगळ्या डोलाऱ्याचा गुरुत्वमध्य आत सरकतो आणि त्याच वेगाला गाडी दोन-तीन अंश कमी झुकवून भागतं. कमी झुकलेली गाडी म्हणजे टायरचा जास्त जाड भाग रस्त्यावर, म्हणजे थ्रॉटल लवकर उघडता येणार. छोट्या चणीच्या रायडरने कितीही ताणलं तरी त्याच्याकडे सरकवायला तेवढं अंगच नसतं.

ब्रेकिंगमध्येही तसंच. ताशी ३३० वरून ९० वर यायचं, तेव्हा मागचं चाक उचललं जातं. धिप्पाड माणूस स्वतःला मागे रेटून ते खाली दाबून धरू शकतो. त्या बदल्यात त्याच्या ब्रेकला जास्त ऊर्जा गिळावी लागते, टायर जास्त झिजतात आणि पेट्रोलही जास्त लागतं. शर्यतीला मोटोजीपीत २२ लिटर मिळतं, त्याच्यावर थेंब नाही. शेवटच्या लॅप्समध्ये हलक्या रायडरच्या टाकीत थोडं उरलेलं असतं आणि जाड्या माणसाच्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स ताकद आवरती घेत असतं.

आणि वारा. त्याच्याशी वजनाचा संबंधच नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या ट्रॅकवर मोटोजीपी रायडर ब्रॅड बाइंडरने ताशी ३६६.१ किलोमीटर गाठले. त्या वेगाला हेल्मेटचा एक कोपरा फेअरिंगच्या (गाडीच्या पुढच्या आवरणाच्या) बाहेर राहिला तरी त्याची किंमत मोजावी लागते. मोटोजीपीतलाच लुका मारिनी १.८४ मीटर उंच आहे. त्याने गुडघे, कोपर, खांदे कुठे लपवायचे? त्याच्या शेजारच्या बुटक्या रायडरला तुम्ही वीस किलो शिसं बांधलं, तरी तो वाऱ्यात मारिनीएवढा मोठा होणार नाही. म्हणजे आपण वजन सारखं करतो, शरीराचा आकार नाही. या दोन गोष्टी बोलताना सर्रास एकच धरल्या जातात.

‘हलका तो सुखी’ असं ज्यांना वाटतं त्यांनी दानी पेद्रोसाकडे बघावं. उंची १.६० मीटर, वजन ५१ किलो. १२५ सीसीत एकदा आणि २५० सीसीत दोनदा विश्वविजेता. मोटोजीपीत ३१ शर्यती जिंकल्या आणि विजेतेपद एकही नाही. २०१२ मध्ये त्याने सात शर्यती जिंकल्या, त्या वर्षी सगळ्यांत जास्त, तरीही किताब सहा जिंकणाऱ्या होर्हे लोरेन्झोकडे गेला. सुरुवातीचा दिवा विझला की पेद्रोसा गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा पहिल्या वळणाला पुढे असायचा; तिथे ५१ किलो कामाला यायचे. पण रेसिंगचा टायर नीट गरम झाल्याशिवाय धरत नाही, आणि तो गरम होतो दाबला, चेंगरला, वाकवला गेल्यावर. गार हवेच्या दिवशी बाकीच्यांचे टायर तापायचे आणि पेद्रोसाचे लाकडासारखे राहायचे. त्यात दीडशेच्यावर किलोंचं धूड दिशा बदलताना एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फेकायचं, तेही स्वतःच्या तिप्पट वजनाचं. आपल्याकडे एखादी बारकी मुलगी बुलेट मेन स्टँडवर लावते तेव्हा आजूबाजूचे लोक थांबून बघतात. पेद्रोसा तेच काम प्रत्येक लॅपमध्ये वीस वेळा करायचा. कारकिर्दीच्या शेवटच्या हंगामात, २०१८ मध्ये, तो एकदाही पहिल्या तिघांत आला नाही.

दुसऱ्या टोकाला दानिलो पेत्रुची. इटालियन, १.८० मीटरच्या आसपास, अंगाने भरदार. २०१९ मध्ये घरच्या मुजेलोला जिंकला. सरळ रस्ता एक किलोमीटरहून लांब, तेव्हा जाड माणसाने जिंकायची ती जागाच नव्हे! पुढच्या वर्षी पावसात फ्रान्समधल्या ल मांला जिंकला. पण एकूण हिशेबात तो स्वतःच्या आकारमानाशी भांडत राहिला आणि गाडी-रायडर मिळून वजन मोजा अशी मागणी करत राहिला. २०२१ नंतर मोटोजीपी सोडली आणि काही आठवड्यांतच डकार रॅलीत एक टप्पा जिंकला. वाळूत, दगडधोंड्यांत, तासन्‌तास उभं राहून गाडी हाकायची तिथे तेच शरीर त्याला उपयोगी पडलं.

खरा तमाशा झाला तो सुपरबाइक विश्वस्पर्धेत. तिथल्या गाड्या आपण दुकानात बघतो त्यांच्याच सुधारलेल्या आवृत्त्या असतात आणि त्यांचं किमान वजन १६८ किलो. स्पेनचा आल्वारो बाउतिस्ता, उंची १.६९ मीटर, वजन साठीच्या आतबाहेर, डुकाटीवर २०२२ मध्ये जिंकला. २०२३ मध्ये तर त्याने ३६ पैकी २७ शर्यती जिंकल्या. त्या हंगामात डुकाटीच्या इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा घटवूनसुद्धा. सरळ रस्त्यावर तो दुसऱ्याच्या मागून यायचा आणि असा निघून जायचा की टीव्हीवर बघणाऱ्याला वाटावं, समोरच्याने गिअर चुकीचा टाकला. बाकीचे रायडर कुरकुरायला लागले. त्यात रेडिंग होताच; मोटोटूतली त्याची जखम जुनी.

मग २०२४ पासून नियम आला. पूर्ण पोशाखातला रायडर ८० किलोंचा असावा असं गृहीत धरायचं, आणि त्याहून तो जितका कमी भरेल त्याच्या निम्मं वजन गाडीला बांधायचं. कुणी पोशाखासह ६६ भरला तर तूट १४ किलोंची आणि बॅलास्ट सात किलोंचा. बाउतिस्ताच्या वाट्याला साधारण एवढाच आला.

मला या नियमातला ‘निम्मं’ हा शब्द सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पूर्ण तूट का नाही भरून काढायची? कारण रायडरच्या अंगावरचा किलो जिवंत असतो. तो ब्रेकला मागे जातो, वळणाला आत जातो, बाहेर पडताना पुढे येतो. गाडीला स्क्रूने पिळलेला किलो मेलेला असतो, जिथे बांधला तिथेच राहतो. लग्नात पाच वर्षांचं पोर कडेवर घेऊन तासभर हिंडता येतं, पण तेवढ्याच वजनाचं गव्हाचं पोतं उचलून पाच मिनिटं उभं राहून बघा. पोर मानेला धरून स्वतःला सावरून घेतं. पोतं नुसतं लोंबतं. हलक्याला सरसकट मेलेलं वजन देणं म्हणजे भारी माणसाचे तोटे त्याच्यावर लादायचे आणि फायदे द्यायचे नाहीत. निम्म्याच्या आकड्यामागे शास्त्र किती आणि तडजोड किती, हे तुम्ही ओळखा.

२०२४ मध्ये बाउतिस्ता तिसरा आला. बीएमडब्ल्यूवर आलेला तुर्कस्तानचा तोप्राक राझगातलिओलू जिंकला, आणि दुसरा आला निकोलो बुलेगा, तोही बाउतिस्ताच्याच संघातल्या डुकाटीवर. याचा अर्थ सात किलोंनी काम केलं का? घाईने होय म्हणू नका. तोप्राक नव्या गाडीवर एकामागून एक तेरा शर्यती जिंकत सुटला होता. त्याच्यापुढे बाउतिस्ता जुन्या वजनाने टिकला असता का, कोण सांगणार. शिवाय बाउतिस्ता त्या वर्षी चाळिशीला आला होता.

तरी एक गोष्ट खटकते. नियम योग्य असला, तरी तो आला तो एक माणूस फार जिंकायला लागल्यावर. घोड्यांच्या शर्यतीत हे उघडपणे चालतं. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर हँडिकॅप रेस बघितली असेल तर माहीत असेल: चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमकुवत घोड्यावर कमी. जॉकी हलका भरला तर खोगिराखालच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या सरकवतात, शर्यतीआधी तोलतात आणि नंतरही तोलतात. तिथे हेतूच हा की सगळे घोडे शेवटच्या रेषेवर एकत्र यावेत, म्हणजे पैज लावणाऱ्याला मजा. तो जिंकण्यावरचा कर आहे. मोटरसायकलला तसा कर लावायचा नाही, असं सगळे तोंडाने म्हणतात. मग वजनाचा नियम हंगाम बघून नाही, तर शरीर बघून ठरायला हवा, आणि एकदा ठरला की कोण जिंकतंय याकडे ढुंकून बघू नये.

आता माझं मत. समानता हे या नियमाचं दुय्यम कारण आहे. मुख्य कारण जेवण आहे. वजन जितकं कमी तितका वेग जास्त असेल, तर रायडर जेवण सोडणार, हे उघड आहे. फॉर्म्युला वनमध्ये हेच झालं. उंच ड्रायव्हर वर्षानुवर्षं उपाशी राहून किलो उतरवत होते. शेवटी २०१९ मध्ये ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान ८० किलो असं ठरवलं, कमी पडेल ते सीटजवळ बांधायचं, आणि २०२५ मध्ये ते ८२ केलं. त्यानंतर हाडं दिसेपर्यंत बारीक होऊन काही मिळेनासं झालं. मोटरसायकलवर हे जास्त गंभीर आहे. २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली होती तेव्हा उन्हाने रायडरांची काय अवस्था झाली, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं. शर्यतीच्या लॅप्ससुद्धा कमी कराव्या लागल्या. असल्या उन्हात चामड्याच्या सूटमध्ये पाऊणतास, तोही आधीच पोट मारलेल्या माणसाने ताशी तीनशेने जायचं. आणि मोटोथ्रीच्या खालच्या स्पर्धांमध्ये तर चौदा-पंधरा वर्षांची वाढत्या अंगाची मुलं असतात. त्यांना ‘भाकरी अर्धीच खा’ सांगणारा प्रशिक्षक तयार व्हायला नको असेल, तर नियमाने त्याचा फायदा काढून घ्यायला हवा.

म्हणून आकडा कुठे ठेवायचा, यावर सगळं आहे. किमान बेरीज फार खाली ठेवली तर ती फक्त सगळ्यात किरकोळ पोराला अडवते. उंच मुलगा तरीही दहा किलो वर असतो आणि उपाशीच राहतो. नियम आहे, पण ज्याच्यासाठी तो हवा त्याला शिवतच नाही. लहान इंजिनांच्या गटात आकडा उदार हवा, इतका की साडेपाच-पावणेसहा फुटांचा मुलगा पोटभर जेवून त्याच्या आत बसेल. मोठ्या गटात सुपरबाइकसारखी निम्मी भरपाई पुरे. त्यापुढे, वारा, हात-पायांची लांबी, टायर तापणं, यांच्या मागे लागू नये. तिथे प्रत्येक शरीराची नफ्याची बाजू आहे आणि तोट्याचीही. व्हॅलेन्तिनो रोस्सी १.८२ मीटर उंच असून १२५ सीसीपासून वरपर्यंत सगळीकडे जिंकला, मार्को सिमोंचेली त्याच्याहून उंच असून २००८ मध्ये २५० सीसीचा विजेता झाला.

२०२७ पासून मोटोजीपीच्या गाड्या बदलणार आहेत. इंजिन १००० वरून ८५० सीसीवर, गाडीचं किमान वजन १५७ वरून १५३ किलोंवर आणि पेट्रोल २२ वरून २० लिटरवर येईल. रायडर मात्र पूर्वीएवढाच राहणार. म्हणजे ताकद कमी, पेट्रोल कमी आणि एकूण वजनात माणसाचा वाटा थोडा जास्त. १.८४ मीटरवाल्यांनी तक्रारीचे अर्ज आत्ताच लिहायला घेतले असतील तर त्यांना मी हसणार नाही.